डावी बाजू वर

क्योतो,
२२ ऑक्टोबर २०१७

प्रिय ओरिए,

सप्रेम आठवण. ऋतूबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय पत्र सुरू करू नये असं आपल्याकडे मानतात, आणि त्या दोन ओळी म्हणजे पत्राच्या गळ्यातला उगाचचा दागिना असं तू मानतेस. मधला मार्ग म्हणून एकच ओळ लिहितो: मागच्या दारची शेवंती यंदा उशिरा फुलली. आम्ही दोघं, तुझ्या आई आणि मी, ठीक आहोत.

पत्रास कारण लगेच सांगायचं असतं. मी ते जरा पुढे ढकलतो, तेवढाच धीर येतो.

कॉलेजात माझ्या संस्कृतच्या वर्गात यंदा तीन मुलं आहेत. त्यांतला एक केवळ त्या खोलीतलं हीटर चांगलं आहे म्हणून येतो, पण मी त्यालाही विभक्ती विचारतो. माझा विषय आता पूर्णपणे तुझ्या तत्त्वावर चालला आहे, दरवर्षी एक कमी. निवृत्तीपर्यंत वर्गात मी आणि फळा एवढेच उरू, आणि तेव्हा तू येऊन आमचा फोटो काढायला हरकत नाही.

तुझं नाव अधूनमधून वर्तमानपत्रात दिसतं. नुसतं ‘ओरिए’. आडनाव तू केव्हाच काढून टाकलंस. ते फुकट जाऊ नये म्हणून मी वापरतो आहे. घरजावई होऊन आलो तेव्हा बापाचं निवा हे आडनाव दाराबाहेर ठेवून तुमचं ओगिसो घेतलं. मग तू तोक्योला राहायला गेलीस, मग यायची कमी झालीस, मग आडनावही गेलं. आता या गल्लीत ओगिसो म्हणून दोन माणसं उरली आहेत, आणि त्यांतलं एक बाहेरून आणलेलं.

तर, मागच्या आठवड्यात तोक्योच्या संग्रहालयातून उसामि नावाच्या बाई आल्या. काळा कोट, एकही बटण दिसत नव्हतं, कानांत-गळ्यात काही नाही. तुझ्यामुळे हल्ली क्योतोच्या बसमध्ये निम्म्या मुली अशाच दिसतात. आपल्याला मूलबाळ नाही असं कोणी हळहळून म्हणालं की त्याला धरून बसथांब्यावर न्यावंसं वाटतं.

मार्चमध्ये तुझ्या आजवरच्या कामाचं प्रदर्शन भरतंय, आणि पोस्टरवर ‘तो’ फोटो घ्यायचा आहे. फोटोत बसलेल्या बाईंची संमती हवी, म्हणून उसामिबाई आल्या होत्या. आईंनी चहा केला, चेस्टनटची मिठाई पुढे केली. बाईंनी फोटो टेबलावर ठेवला आणि फार आदराने सांगितलं की कॉलेजात असताना आपण तो पाहिला आणि त्याच दिवशी कपाटातले निम्मे कपडे काढून टाकले. आई चष्मा लावून बराच वेळ बघत होत्या.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “एवढी वर्षं झाली, पण मेलेली बाई काही म्हातारी होत नाही.”

हसावं की नाही हे न कळून उसामिबाई चहा प्यायल्या. संमतीच्या कागदावर सहीऐवजी मारायचा शिक्का आईंनी बाहेर काढलाच नाही. पण दारापर्यंत सोडायला गेल्या, बाईंचे बूट बाहेरच्या दिशेने वळवून ठेवले, कमरेत वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, “सरळ छापणार असाल तर पुन्हा या. शिक्का तयार ठेवते.”

ओरिए, या घरात त्या फोटोबद्दल आईंच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं बोलणं.

त्या फोटोमागची सगळी हकीकत तुला माहीत आहे. तरी मला एकदा सलग सांगू दे, कारण या घरात ते कोणीच कधी सलग सांगितलेलं नाही.

तेव्हा तू मासिकांच्या फोटोंसाठी नट्यांना सजवणाऱ्या एका स्टायलिस्टच्या हाताखाली होतीस. दुकानांतून मागून आणलेल्या कपड्यांच्या पिशव्या वाहायच्या, इस्त्री करायची, उसन्या बुटांच्या तळव्यांना कागदी टेप लावायची, म्हणजे परत करताना ते घातलेले वाटू नयेत. शनिवारी घरी यायचीस तेव्हा तुझ्या बोटांना गोंद असायचा. मग त्या मासिकाने तुला पहिल्यांदा स्वतःची काही पानं दिली, ठरलेली नटी आयत्या वेळी फिरकली नाही, आणि तू फोटोवाल्याला घेऊन घरी आलीस आणि आईंना बसवलंस.

मागच्या खोलीत, उत्तरेच्या उजेडात. आईंचा राखी किमोनो. तू एकेक वस्तू काढत गेलीस. कमरेच्या ओबीवरची दोरी काढलीस, दोरीवरचा खडा काढलास, केसांतला कंगवा, शेवटी अंगठी. आई म्हणजे दुसऱ्यांना किमोनो नेसवण्यात जन्म घालवलेली बाई. आपल्या भागातल्या कितीतरी नवऱ्या त्यांच्या हाताखालून बोहल्यावर गेलेल्या. त्या म्हणाल्या, “अगं, आता मीच तेवढी उरले. मलाही काढतेस का?” तू म्हणालीस, “हलू नको, आई.” मला तू खिडकीशी पांढरा फळा धरून उभं केलं होतंस, उजेड त्यांच्या चेहऱ्यावर परतवायला. मलाही तेच सांगितलंस.

फोटो सुंदर आला. छापताना मात्र फिल्म उलटी लागली, आणि पानावर आईंच्या किमोनोची उजवी बाजू डावीच्या वर आली. शर्टाचं तसं झालं असतं तर कोणी वळूनही पाहिलं नसतं. पण किमोनो तसा माणूस आयुष्यात एकदाच नेसतो, आणि तोही स्वतः नेसत नाही. पेटीत ठेवण्याआधी बाकीचे नेसवतात. किमोनो नेसवणाऱ्या बाईंचं प्रेत डोळे उघडे ठेवून मासिकात बसलं होतं.

तू स्टेशनवरून रडत फोन केलास. संपादकाला चूक कबूल करायला लावते म्हणालीस. मी आईंना तसं सांगितलं, त्या ‘बरं’ म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात पॅरिसहून कोणाचं तरी पत्र आलं की असं धाडस आजवर पाहिलं नाही. मग चुकीची दुरुस्ती छापायची राहून गेली. आणि वर्षअखेर मुलाखतीत तू म्हणालीस, ‘सगळं काढून झाल्यावर मी जिवंतपणाही काढून पाहिला.’ वाक्य घोटीव आहे. व्याकरणाचे जुने सूत्रकार सूत्रात अर्धं अक्षर वाचवता आलं तरी घरात बारसं असल्यासारखे हरखायचे. त्यांनी तुला पंगतीत मानाने बसवलं असतं. फक्त ते खरं नव्हतं.

त्या जानेवारीत वीस वर्षांच्या झालेल्या मुलींना नटवायचा दिवस आला. दरवर्षी पहाटेपासून आपल्या दारात चपलांची गर्दी व्हायची. त्या वर्षी एकेका आईचा फोन आला, की तुमच्याकडेच नेसवणार होतो हो, पण पोरीला जरा ताप आहे. त्या थंडीत आपल्या भागातल्या मुलींना फार ताप आला. लग्नघरांनी तर फोनही केले नाहीत. आईंनी एकालाही सांगितलं नाही की ती छापखान्याची चूक होती. सांगितलं असतं तर मुलगी खोटी पडली असती. एवढंच होतं ते.

तेव्हा मागणं असं: पोस्टरवर फोटो सरळ छाप, आणि खाली एक ओळ लिही की पूर्वी तो चुकून उलटा छापला गेला होता. मूळ फिल्म तुझ्याकडे आहे. तुला ओळी कमी आवडतात म्हणून दोन मागत नाही.

तुझ्याच आडनावाचा,
कियोताका

ता.क. आम्ही ठीक आहोत असं वर लिहिलं आहे. ठीक या शब्दात बरंच काही मावतं.


क्योतो,
१० डिसेंबर २०१७

प्रिय ओरिए,

तुझं कार्ड पोचलं. जाड, पांढरं, आणि अगदी खाली कोपऱ्यात: ‘तो सरळ केला तर बाकीचं सगळं उलटं होईल.’ सही नाही. गरजही नव्हती, एवढी कोरी जागा आणखी कोण पाठवणार? आईंनी ते बोटांत धरून वाकवून पाहिलं आणि कागद महाग दिसतो म्हणाल्या.

थट्टा बाजूला ठेवून मी तुझ्या बाजूने विचार करून पाहिला. वेळ भरपूर असतो; संध्याकाळी सहा वाजता आईंचं जेवण होतं, त्यानंतर या घरात बोलणारी वस्तू म्हणजे किटली.

त्या एका पानावर तू उभी राहिलीस हे खरं आहे. नट्या तुझ्यापुढे दागिने घालून यायच्या आणि दागिन्यांशिवाय जायच्या. ‘आणखी एक काढा’ हे तुझं सेटवरचं वाक्य आता दुकानांतल्या विक्रेत्या पोरीसुद्धा म्हणतात. लोकांनी कपाटं रिकामी केली, मग घरं रिकामी केली. बिनबटणाचे शर्ट आले, बिनखिशाचे कोट आले. परदेशी माणसं तुझ्याकडे येऊन कमी कसं करायचं ते शिकून गेली. आणि या सगळ्याच्या पायाशी एक दगड आहे, तो उलटा बसलेला. तो आता काढायचा म्हणजे वरचं सगळं हलणार, ही तुझी भीती मला कळते.

पण तुझा साधेपणा पाठीमागून पाहिलेल्या मोजक्या माणसांपैकी मी एक आहे. समोरून पाण्यासारखा पडलेला कोट, आणि पाठीवर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची रांग. आईंना एकदा तुझा एक फोटो दाखवून मी हे गुपित सांगितलं, तर त्या अजिबात चकित झाल्या नाहीत. म्हणाल्या, “आम्ही काय करतो? किमोनोच्या आत टॉवेल, छोट्या गाद्या, दोऱ्या, आणि वरून एक सरळ रेघ. लपवायला घरीच शिकली ती.” त्यांच्या आवाजात अभिमान होता. हे तुला कळवायचं राहून गेलं होतं.

आता ‘ठीक’ या शब्दातून जे गाळलं होतं ते सांगतो.

पहिल्यांदा तेरामाएबाईंच्या लक्षात आलं. शेजारच्या तेरामाएबाई सलगमाचं लोणचं घेऊन आल्या. त्या बसल्या की तासभर बसतात, अख्ख्या गल्लीचा हिशेब चुकता करूनच उठतात. त्या दिवशी चहाला हात न लावता उठल्या, आणि दारात मला हळूच म्हणाल्या, “कियोताकासान, आईंच्या गळ्याकडे जरा बघा हो.” मला वाटलं गाठबीठ आली. आत जाऊन पाहिलं तर गळपट्टीची उजवी बाजू वर.

मी म्हटलं, “आई, डावी वर घ्यायची ना?”

“हे तुम्ही मला शिकवणार? तुम्ही संस्कृत शिकवा,” त्या म्हणाल्या, आणि तशाच बसल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. डॉक्टर म्हणाले वय आहे, आणि एक लांबलचक नावही सांगितलं, ते तुझ्या तत्त्वाला धरून इथे गाळतो. काही गोष्टी त्यांच्याजवळून निघून जात आहेत, कोणी ‘आणखी एक काढा’ म्हणत असल्यासारख्या. कधी मला नावाने हाक मारतात, कधी ‘अहो शिक्षक’ म्हणतात.

सासूच्या गळपट्टीला जावयाने हात लावणं कुठल्याही शास्त्रात बसत नसावं. मी चाळून पाहिलं. तरी रोज न्याहारीआधी मी नजर खिडकीकडे ठेवून ती गळपट्टी सोडवतो आणि पुन्हा लावतो. त्या दोन्ही हात जरा उचलून शांत उभ्या राहतात, जशा त्यांच्यापुढे मुली उभ्या राहायच्या. आणि मला सूचना देतात. “मागून ओढा. पुढून ओढलं की गळा चोळामोळा होतो. किती हो तुमचे हात जड.” हात जड आहेत हे खरं. दिवसभरात मी दुसऱ्या कोणाला हात लावत नाही, त्यामुळे सुधारायला वाव नाही.

कारण सापडलं ते योगायोगाने. मागच्या खोलीत त्यांचा उभा आरसा आहे, तुला आठवत असेल. त्याच्यासमोर ओबींच्या पेटीवर ते मासिकाचं पान चौकटीत घालून उभं असतं. तोंड आरशाकडे, पाठ खोलीकडे. इतकी वर्षं मला त्याची पाठच दिसली, तपकिरी पुठ्ठा. मी समजत होतो की रागाने फिरवून ठेवलंय. टाकवत नाही आणि बघवत नाही, असं काहीतरी. मीही कधी विचारलं नाही. या घरात न विचारण्यात मी चांगला तयार झालो आहे.

परवा आरशावरचा दिवा गेला. तो बदलायला मी त्यांच्या आसनावर गुडघे टेकले आणि समोर पाहिलं. आरशात आई होत्या, राखी किमोनोत, आणि डावी बाजू वर.

आरशात उलटा फोटो सरळ दिसतो, ओरिए. आईंनी तो फिरवून टाकलेला नव्हता. त्यांनी तो आपल्यापुरता दुरुस्त करून घेतला होता, तुला किंवा मला किंवा छापखान्याला कसलाही त्रास न देता. रोज सकाळी आरशापुढे बसलं की लेकीने काढवलेला आपला जिवंत फोटो दिसायचा. तेवढा त्यांना पुरत होता.

आता घोटाळा झालाय तो असा. हात पूर्वी आपोआप चालायचे. आता विसर पडतो, म्हणून त्या आरशातल्या फोटोकडे बघून गळपट्टी लावतात. आपली गळपट्टी आरशात त्या फोटोसारखी दिसेपर्यंत बाजू बदलतात. आणि आरशात ती सरळ दिसली म्हणजे अंगावर उलटी झालेली असते. मी स्वतः चादर गुंडाळून आरशापुढे करून पाहिलं. बरोबर प्रेत झालो. तेवढ्यात गॅसवाला आला होता, त्याने काय समजूत करून घेतली ते विचारलं नाही.

पान उचलून कपाटात ठेवून पाहिलं. त्या दिवशी आईंनी किमोनो नेसलाच नाही. झोपायच्या कपड्यांत आरशापुढे बसून राहिल्या आणि ओरिए कुठे गेली, ओरिए कुठे गेली, एवढंच विचारत राहिल्या. संध्याकाळी पान परत जागेवर ठेवलं.

म्हणून मागणं कमी करतो. पोस्टर तुझ्या मनासारखं होऊ दे. खालची ओळही राहू दे. फक्त एक सरळ प्रत पाठव, पानाच्याच मापाची. ती आरशाकडे तोंड करून ठेवली की आरशात उलटी दिसेल, आणि तिच्याशी जुळवून नेसलं की आई सरळ राहतील. दिवसभर घरात मेलेल्या माणसासारखं कोणी वावरणार नाही. माझी गोष्ट वेगळी.

पाहिलंस, मी पण एकेक काढत आलो. आता याहून काढण्यासारखं काही राहिलेलं नाही.

आडनाव सांभाळणारा,
कियोताका


क्योतो,
२० फेब्रुवारी २०१८

प्रिय ओरिए,

प्रत मिळाली. दोन पातळ कागदांमध्ये ठेवलेली, माप तंतोतंत, आणि सोबत एक अक्षरही नाही. पाकीट उलटंपालटं करून पाहिलं, मग दिव्यासमोर धरूनही पाहिलं. शिक्षकाची खोड, कोऱ्या उत्तरपत्रिकेतही काहीतरी शोधायचं. पाकिटाच्या कडेला मात्र बोटाएवढा गोंदाचा डाग होता. तो मी उत्तर म्हणून धरतो.

आई न्हाणीघरात असताना जुनं पान काढून नवी प्रत चौकटीत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारामागे उभा राहिलो. त्यांनी फोटोकडे पाहिलं, उजवी बाजू आत घेतली, डावी वरून आणली, क्षणभर थांबल्या, आणि ओबी बांधायला लागल्या. मी न्याहारीला दोन अंडी खाल्ली. तेरामाएबाई आता पुन्हा बसतात. परवा दोन तास बसल्या, तेव्हा जुनं पान परत लावावं की काय असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

माझं काम तेवढं कमी झालं. सकाळी सवयीने मागच्या खोलीच्या दारात जातो, आई मान हलवून ‘झालंय’ असं खुणावतात, आणि मी हात कुठे ठेवावेत याचा विचार करत स्वयंपाकघरात परत येतो.

पत्र इथेच आभार मानून संपवता आलं असतं. पण मग पोस्टर आलं.

उसामिबाईंनी गुंडाळीत घालून पाठवलं, आणि वर फोनही केला. त्यांचा आवाज पडलेला होता. म्हणाल्या, ओरिएसाननी शेवटच्या बैठकीत सांगितलं की फोटो नको, काहीच नको. म्हणजे आता संमतीचाही प्रश्न उरला नाही, तुमच्या आईंना नाहक त्रास दिला, क्षमा करा. मी म्हटलं, त्रास कसला. गुंडाळी सोडली. माणसाच्या उंचीचा पांढरा कागद, आणि खाली उजवीकडे मुंगीएवढं ‘ओरिए’.

तू फार हुशार आहेस. सरळ छापला असता तर खरं सांगावं लागलं असतं, उलटा छापला असता तर खोटं चालू राहिलं असतं. तू फोटोच काढून टाकलास. आई मात्र सरळ-उलट्या दोन्ही फोटोंत होत्या, त्याही पोस्टरवरून निघाल्या.

माझ्या तीन मुलांना व्याकरणातली एक गोष्ट कधीच पटत नाही. शब्दातला एखादा तुकडा नियमाने नाहीसा होतो, लिहिताना दिसत नाही, बोलताना ऐकू येत नाही, पण त्याने करायचं काम मागे चालूच राहतं. हीटरसाठी येणारा मुलगा म्हणाला, “सर, जो नाहीच तो काम कसं करेल?” त्याला एकदा घरी जेवायला बोलवावं म्हणतो. तुझं ताट दाखवीन. आई ते अजून मांडतात.

पोस्टर आईंना दाखवावं की नाही यावर मी दोन दिवस काढले. मग जेवणाच्या टेबलावर पसरलं. त्यांनी चष्मा लावला, नावावर बोट ठेवलं.

“ओरिएचं.”

“हो.”

त्यांनी कागद उचलून मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची पाहिली. “मी कुठे आहे?”

मी कागदाची वळलेली कडा हाताने सपाट करायला लागलो. त्यांनीच मग माझी सुटका केली. म्हणाल्या, “अजून काढून व्हायचा असेल. आज उजेड बरा आहे.” आणि उठून मागच्या खोलीत जाऊन बसल्या.

तेव्हापासून हे रोजचं झालं आहे. सकाळी किमोनो नेसतात, अंगठी काढून ठेवतात, कंगवा काढून ठेवतात, आणि आरशापुढे पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून बसतात. जेवायला हाक मारली तर ओठ न हलवता बोलायचा प्रयत्न करतात. “थांबा. ओरिएने सांगितलंय, हलू नको.” एकदा त्यांच्या पायाला मुंग्या आल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण उठल्या नाहीत. मी म्हटलं, “आई, झालं. फोटो झाला काढून. छान आला.” त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही कोण सांगणार, जावईबापू? ती सांगेल. तुम्ही फळा धरा.”

तेरामाएबाईंनी सांगून पाहिलं. डॉक्टरांनी सांगून पाहिलं. फोनवर तुझा आवाज ऐकवावा असं मनात आलं होतं, पण फोनवरच्या कोणालाही त्या आता नम्रपणे ‘यंदा मुलींचं काम घेत नाही’ असं सांगून फोन ठेवतात.

काल दुपारी मी काय केलं ते लिहितो. हसलीस तरी चालेल. जुना फळा केव्हाच मोडला. घरात तेवढी मोठी पांढरी वस्तू एकच होती. ती मी घेतली, दोन्ही हातांत ताणून धरली आणि खिडकीशी उभा राहिलो, पूर्वी जिथे उभा होतो तिथेच. चटईवरची ती जागा अजून जरा फिकी आहे. उजेड कागदावर पडला आणि आईंच्या चेहऱ्यावर परतला. तुझं पोस्टर उजेड फार छान परतवतं. संग्रहालयात हे कोणाला कळणार नाही.

आई आरशात स्वतःकडे बघत होत्या. डावी बाजू वर होती. फोटोतल्यासारख्याच दिसत होत्या, फक्त पांढऱ्या केसांच्या. त्या हळूच म्हणाल्या, “आज चांगला येणार.”

आणि मग माझ्या ध्यानात आलं, ओरिए. इतके दिवस मी तुला चूक दुरुस्त करायला सांगत होतो. आईंच्या लेखी ती चूक अजून झालेलीच नाही. फिल्म कोणी उलटी लावलेली नाही, पॅरिसहून पत्र आलेलं नाही, कोणाच्या मुलीला ताप आलेला नाही. तू खोलीतच आहेस, त्यांच्या मागे कुठेतरी, आणखी काय काढावं याचा विचार करत. तू आलीस तर तुला काही कबूल करायचं नाही, माफी मागायची नाही. ओळ लिहायची नाही. सेटवर काम संपलं की सगळ्यांना मोकळं करायला तू जे म्हणतेस, तेवढंच त्यांच्यासमोर बसून म्हणायचं आहे: ‘झालं, आई. हल आता.’ मग त्या हलतील. चहा टाकतील, तुला नावं ठेवतील, दमलीस का विचारतील.

तुझं प्रदर्शन मार्चच्या सुरुवातीला उघडतंय. त्याआधी ये असं म्हणत नाही. नंतर ये असंही म्हणत नाही. दुपारी ये, उत्तरेचा उजेड तेव्हा बरा असतो. बूट कसेही काढ, मी वळवून ठेवीन.

आणखी एक गोष्ट, आणि मग खरंच काही उरत नाही. त्या दिवशी त्या खोलीत ‘हलू नको’ तू दोघांना सांगितलं होतंस. आईंना सांगशील तेव्हा खिडकीकडेही एकदा बघ.

हात अवघडला तरी अजून न हललेला,
तुझा
कियोताका